एक ऊन कमी

कुंदाबाई फेगडे आणि ते जहाज यांची पहिली भेट झाली, तेव्हा कुंदाबाई जहाजाकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यात जहाजाचा अपमान करायचा हेतू नव्हता. त्या जहाजाची वाट पाहत होत्या.

सिंगापूरच्या बंदरावर आपल्या मागे जे उभं आहे ते जहाज आहे, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन तसा संशय यावा असं त्यात काही नव्हतं. ते इतकं मोठं होतं की त्याच्या एका टोकाला सकाळ झाल्याचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथे दुपारची जेवणं आटोपत असावीत. त्याच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसांना थंडी वाजत होती. शेवटचा मजला पाहायला मान वर केली की डोक्यावरची टोपी मागे पडायची, आणि अशा पडलेल्या टोप्या झाडून नेण्यासाठी बंदरावर वेगळा माणूस नेमलेला होता. भुसावळ जंक्शनवरून जाणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच्या पोटात शिरल्या असत्या आणि तरी चहावाल्यांना फिरायला जागा उरली असती. यावल गाव एसटी स्टँडसकट, आठवडे बाजारासकट आणि बाजारातल्या शेळ्यांसकट त्यात मावलं असतं. शेळ्यांची तक्रार आली नसती.

कुंदाबाई समुद्राकडे तोंड करून, एक निळी पिशवी छातीशी धरून, पाण्यावर नजर लावून होत्या. बराच वेळ काही आलं नाही तेव्हा त्यांनी लेकीला विचारलं, "कधी येते गं तुझं जहाज?"

"आई, हे काय. तुझ्या मागे."

कुंदाबाईंनी वळून त्या प्रकरणाकडे पायथ्यापासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"ही तर कॉलनी हाये. ते पाय, तठी कोनी टॉवेल वायत घातलेय."

"अगं, त्या जहाजातल्या खोल्या आहेत."

"मंग पानी कुठी हाये त्याच्याखाली?"

"विहीणबाई, पानी खालेच ऱ्हास," शेजारून सुंदरबाई म्हणाल्या. "जहाज पानीवर बसस. पानी जहाजवर बसनं म्हंजे आपलं काम व्हयनं."

सुंदरबाई म्हणजे जावयाच्या, भूषणच्या, आई. त्या धुळ्याच्या. लहानपणी त्या एकदा मुडावदला नावेत बसून तापी ओलांडून गेल्या होत्या. त्या अनुभवावर जलप्रवासाच्या बाबतीत या कुटुंबात त्यांचा शब्द शेवटचा होता. शिवाय त्या लेकाकडे महिनाभर आधी येऊन राहिल्या होत्या, त्यामुळे सिंगापूरही त्यांचंच होतं.

कुंदाबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली.

पिशवीत बिबडे होते. ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी भिजवून भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, ओल्या फडक्यावर हाताने थापायची आणि खाटेवर उन्हात वाळवायची. होतो तो बिबडा. ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वर्णन अगदीच तोकडं वाटेल, आणि त्यांचं बरोबर आहे.

यावलमध्ये कुंदाबाईंच्या गल्लीत बिबड्यांच्या बाबतीत सरकार म्हणजे कुंदाबाई. चैत्र संपत आला की पहाटे पहाटे घरोघरी पातेली चढत, आणि प्रत्येक पातेल्यातला घाटा कुंदाबाईंच्या जिभेला लागल्याशिवाय खाली उतरत नसे. त्यांनी आभाळाकडे पाहून "काढा" म्हटलं की खाटा बाहेर येत. "थांबा" म्हटलं की नवरा कितीही घाईत असला तरी बायका हात पुसून घरात जात. कुंदाबाईंचं म्हणणं एकच असायचं. बिबड्याला तीन उन्हं लागतात. दोन उन्हांचा बिबडा दिसायला बिबडा असतो, पण आषाढात त्याचं पितळ उघडं पडतं.

आणि निळ्या पिशवीतल्या बिबड्यांना एक ऊन कमी होतं.

त्याला कुंदाबाई जबाबदार नव्हत्या. दोन उन्हं झाली आणि तिसऱ्या दिवशी भर मे महिन्यात यावलवर ढग आले. दुसऱ्या दिवशी मुंबईचं रेल्वेचं तिकीट आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विमान. नवरा गिरधर केळीचा बाग सोडून येणार नव्हता. केळीला पाणी द्यायचं तर वीज कधी येईल त्याचा नेम नाही, आणि परदेशात बसून मोटार चालू करता येत नाही. एकट्या कुंदाबाई निघाल्या. निघताना त्यांनी बिबड्यांवर हात फिरवला. बोटाला किंचित गार लागलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

ही गोष्ट एवढी मनाला लावून घेण्यासारखी होती का? होती. लेकीचं, मयुरीचं, लग्न होऊन ती सिंगापूरला गेल्यापासून आईकडून काही घ्यायची पद्धत हळूहळू बंद होत आली होती. साड्या ती नेसत नव्हती. लोणच्याने भूषणचं पित्त वाढत होतं. सोन्याचे झुबके जुन्या घडणीचे होते. सल्ला तर तिने कधीच घेतला नव्हता. उरले होते बिबडे. ते मात्र दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून जात. आणि गेल्या खेपेला सुंदरबाई फोनवर सहज म्हणाल्या होत्या, "तुम्ना बिबडा औंदा जरासा नरमच व्हतात." त्यापाठोपाठ मयुरी म्हणाली होती, "आई, दमतेस तू. आता नको करत जाऊस. इथे सगळं मिळतं. या वर्षीचे बघू, आणि मग ठरवू."

या वर्षीचे बघू. हे वाक्य कुंदाबाईंनी यावलपासून सिंगापूरपर्यंत पिशवीबरोबर छातीशी धरून आणलं होतं. हे बिबडे बिघडले तर लेकीला द्यायला त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं.

जहाजात चढताना पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्रापाशी बसलेला तरुण पडद्याकडे वाकला. पडद्यावर एकावर एक रचलेल्या पुष्कळ गोल चकत्या दिसत होत्या. त्याने इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. कुंदाबाईंनी मराठीत सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने, सांगितलं. मग त्यांनी पिशवीची गाठ सोडून एक बिबडा त्याच्या हातात ठेवला आणि नाकाकडे बोट केलं. तरुणाने वास घेतला. त्याने डोळे मिटले, ते थोड्या वेळाने उघडले, बिबडा दोन्ही हातांनी परत दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी जहाज कुठेच थांबणार नव्हतं. सगळा दिवस पाण्यावरच. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मयुरीने जाहीर केलं, "आई, आज काही करायचं नाही. नुसता आराम करायचा."

"म्हंजे काय करायचं?"

"काही नाही."

"आन् ते झाल्यावर?"

मयुरीने भूषणकडे पाहिलं. भूषण गुडघ्यावरची चड्डी घालून फळं खात होता. सासूसमोर चड्डीत बसायचं म्हणून त्याने मांडीवर रुमाल पसरला होता. "आई, तुम्ही आयुष्यभर राबलात," तो म्हणाला. "आज कोणी तुम्हाला काम सांगणार नाही."

हे तो धमकी दिल्यासारखं म्हणाला नव्हता, पण कुंदाबाईंना तसं वाटलं. कारण त्यांनी सकाळी उठल्या उठल्या करण्यासारखं सगळं करून टाकलं होतं. अंथरूण घड्या करून ठेवलं, न्हाणीघर घासलं, आरसा पुसला. खोली आवरणाऱ्या मुलाने दार उघडलं, आत पाहिलं, आणि या खोलीत कोणी उतरलेलंच नाही अशी समजूत करून घेऊन माफी मागत निघून गेला. दोन विहिणींना मिळून एक खोली दिली होती. भूषणला वाटलं होतं, दोघींना सोबत होईल. सोबत झाली होती. सुंदरबाई रात्रभर एसीला शिव्या देत होत्या. "व्हट फुटनात माय मना," त्या नाश्त्यालाही म्हणाल्या. "टाचा फुटन्यात. परकर धुई टाका व्हता, तो पापडसारखा कडक वायना. हाई खोली शे का भट्टी?"

कुंदाबाईंचं लक्ष नव्हतं. आरामाचा दिवस सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता आणि त्यांना आत्ताच थकवा आला होता. त्या जिना चढून वरच्या मजल्यावर गेल्या, आणि दारातच थांबल्या.

ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही. चहूकडे पाणी, त्यामुळे कुठल्या घराची, झाडाची, विजेच्या खांबाची सावली नाही. आणि त्या उन्हात रांगेने मांडलेल्या खाटा. पांढऱ्या पट्ट्यांनी विणलेल्या, खालून वारा लागेल अशा, एका मापाच्या. धूळ नाही. कावळा नाही. शेळी नाही. शेजारच्या पोरांचा चेंडू नाही. कुंदाबाईंनी आयुष्यात पुष्कळ गच्च्या पाहिल्या होत्या, पण ही पाहून त्यांना देवळात आल्यासारखं वाटलं.

आणि एवढ्या सगळ्या सोयीवर लोकांनी स्वतःलाच वाळत घातलं होतं.

त्यांचं काम व्यवस्थित चाललं होतं, हे कुंदाबाईंनी मनातल्या मनात मान्य केलं. माणसं अंगाला तेल लावून पसरली होती आणि एक बाजू झाली की उलटत होती. एका दांडग्या गोऱ्या गृहस्थांची पाठ मात्र कधीच झाली होती, तरी ते तसेच पडून होते. कुंदाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला तळहात उलटा करून खूण केली. बायकोने पाठीकडे पाहिलं, घाबरली, आणि त्यांना उलटलं.

त्यानंतर कुंदाबाई खाली गेल्या त्या निळी पिशवी आणि एक जुनं सुती लुगडं घेऊन वर आल्या. कोपऱ्यातल्या दोन खाटा त्यांनी जोडून घेतल्या, लुगडं अंथरलं, पदर खोचला आणि बिबडे मांडायला घेतले. एकाला एक लागू न देता, कडेपासून मधे. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या हातांना काहीतरी समजत होतं.

"विहीणबाई, हाई काय शे?"

सुंदरबाई छत्री उघडून मागे उभ्या होत्या.

"बिबडे."

"ते दिखी राह्यनं. आठे कसाले?"

"एक ऊन द्यायचं रायलंय," कुंदाबाई म्हणाल्या. कोणाला सांगायचं नव्हतं ते पहिल्यांदा नेमकं सांगू नये त्याच माणसाला सांगून झालं होतं.

सुंदरबाईंनी बिबड्यांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, वाळत पडलेल्या माणसांकडे पाहिलं. बोलण्यासारखं त्यांच्याकडे एवढं होतं की कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचेना. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला एक माणूस आला. छातीवरच्या पाटीवर त्याचं नाव आगुस आणि देश इंडोनेशिया असं लिहिलं होतं. या मजल्यावरच्या खाटांची देखरेख त्याच्याकडे होती. हिंदुस्थानी प्रवाशांना टॉवेल देता देता तो कामापुरतं हिंदी शिकला होता.

"नमस्ते मॅडम. सामान रखके कुर्सी रोकना मना है. कुर्सी पे आदमी चाहिए."

"आदमी?" कुंदाबाई म्हणाल्या.

"आदमी बैठेगा तो ठीक. आदमी नहीं, तो सामान हटाना पड़ेगा. नियम है."

कुंदाबाईंनी नियम ऐकून घेतला. तो त्यांना पटलाही. त्यांच्या गल्लीतही खाटेवर राखण ठेवल्याशिवाय कोणी बिबडे टाकत नसे. फक्त खाटा दोन होत्या आणि आदमी एक. त्यांनी सुंदरबाईंकडे पाहिलं नाही. मागणं मागायची त्यांना सवय नव्हती, आणि त्यातून विहिणीकडे.

सुंदरबाई छत्री घेऊन दुसऱ्या खाटेच्या काठावर बसल्या.

"मी बसस आठे," त्या आगुसला म्हणाल्या. "आते बोल."

आगुस बिबड्यांवर वाकला, वास घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर यंत्रापाशी बसलेल्या तरुणापेक्षा अगदी वेगळं काहीतरी आलं. "मेरा मां भी सुखाता," तो म्हणाला. "ऐसा ही. चावल का. छत पे." मग तो गेला आणि थोड्या वेळाने दोघींसाठी पाणी आणि चार चिमटे घेऊन आला. बिबडे उडू नयेत म्हणून लुगड्याच्या चारी कोपऱ्यांना त्याने ते लावून दिले. नियमात चिमट्यांबद्दल काही नव्हतं.

अशा रीतीने दोन्ही विहिणी राखणीला बसल्या. कावळे नव्हते. तरी सुंदरबाईंनी छत्री मिटून हातात काठीसारखी धरली, सवयीने. जाणारे-येणारे थांबून पाहत. एका बाईने फोटो काढला. एका लहान पोराने हात पुढे केला, तेव्हा छत्री नुसती अर्धी वीत वर उचलली गेली आणि पोरगं आईकडे पळालं.

दुपारच्या सुमाराला गिरधरचा व्हिडिओ कॉल आला. जहाजावरचं इंटरनेट भूषणने घेऊन दिलं होतं. पडद्यावर यावलची गच्ची दिसत होती. रिकामी, पांढरी, डोळे दिपवणारी.

"कशी हाये?" गिरधरने विचारलं.

"आराम करून रायली."

"आठी पंचेचाळीस झालंय. तू गेली आन् दुसऱ्या दिवशी ढग गेले. केळीची पानं करपून रायली. सकाळी चप्पल गच्चीवर रायली, तिचा तळवा निसटला." त्याने मोबाईल फिरवून ती चप्पलही दाखवली. "एवढं ऊन हाये. काय करू मी त्याचं?"

कुंदाबाईंनी त्या उन्हाकडे पाहिलं. त्यांच्या वाटणीचं ऊन होतं ते, त्यांच्याच गच्चीवर, आणि त्याखाली एक तुटकी चप्पल वाळत होती.

"ठेवते," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

मग त्यांनी पहिला बिबडा उचलून पाहिला. वाळलेला बिबडा मोडला की कट असा आवाज येतो. तो आवाज ऐकायला त्यांनी बिबडा कानाजवळ नेला आणि वाकवला.

बिबडा वाकला.

त्यांनी आणखी वाकवला. त्याची दोन्ही टोकं एकमेकांना भेटली, तरी तो मोडेना. त्यांनी दुसरा घेतला. तिसरा. सकाळी होते त्याहून बिबडे आता जास्त नरम झाले होते. बोटांना चिकटत होते. कुंदाबाईंची मान भाजून निघाली होती, कपाळावरचं कुंकू वितळलं होतं, बसल्या जागी पाय पोळत होते, आणि बिबडे ओले होत होते. हे ऊन दिसायला ऊन होतं, लागायला ऊन होतं, पण त्याचं काम ते करत नव्हतं. त्यांना पहिल्यांदा विहिणीच्या दृष्टीचा संशय आला. सुंदरबाई मात्र दृष्ट लावायच्या स्थितीत नव्हत्या. त्या पदराने मान पुसत होत्या.

"ऊन भलतं शे," सुंदरबाई म्हणाल्या. "पन हवा वल्ली शे. समिंदरनी. तुम्ले वाटनं, ऊन म्हंजे ऊन?"

कुंदाबाईंना तसंच वाटलं होतं. यावलच्या उन्हासारखंच सगळीकडचं ऊन कामाचं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

"तुम्ही सकायीच का नाही सांगितलं?"

"सांगनार व्हतू. पन तुम्ही इतक्या मन लाईसन मांडी राह्यनत्यात." सुंदरबाईंनी दुसरीकडे पाहिलं. "म्हनलं, असू दे."

याच वेळेला मयुरी आली. तिच्या डोक्याला टॉवेल होता आणि चेहऱ्याला कसला तरी हिरवा लेप. कोणाच्या तरी मोबाईलवर तिने आईचा फोटो पाहिला होता.

"आई! काय चाललंय हे? सगळे लोक बघतायत."

"पाहू दे. पाहिल्याने वायत असते तर बरं झालं असतं."

"तुला मी काय सांगितलं होतं? एक दिवस. फक्त एक दिवस तुला बसायला सांगितलं." ती खाटेच्या कडेला बसली. "आणि मम्मी, तुम्हीसुद्धा?"

"माले नियम शे," सुंदरबाई म्हणाल्या. "कुर्सीवर आदमी पाहिजे."

मयुरीने एक बिबडा उचलला. तो तिच्या हातात ओल्या रुमालासारखा लोंबला. "बघ, आई. हेच म्हणत होते मी. किती त्रास करून घेतेस. मुंबईपर्यंत ट्रेन, मग विमान, आता हे. आणि एवढं करून हे असे." ती थांबली. तिला मऊ बोलायचं होतं. "खरंच आता नको करत जाऊस. इथे सगळं मिळतं, आई."

आलं ते वाक्य. कुंदाबाईंनी लुगड्याच्या कोपऱ्याचा चिमटा काढला, तो परत लावला. बिबडे समोर होते आणि त्यांनीच साक्ष फिरवली होती.

मयुरी बोलत राहिली. सिंगापूरच्या दुकानातले पापड, ऑनलाइन, हातात आलेलं पाकीट, न दमता. बोलता बोलता तिने हातातला बिबडा तोडून तोंडात टाकला. मग दुसरा घेतला. तिच्या बोलण्यात मधे मधे खंड पडू लागला.

"मयुरी," सुंदरबाई म्हणाल्या.

"काय मम्मी?"

"तो तुना चौथा शे."

मयुरीने हाताकडे पाहिलं. हिरव्या लेपाखाली तिचा चेहरा कसा झाला ते दिसलं नाही. कुंदाबाईंना मात्र पाहायची गरज नव्हती. यावलला उन्हाळ्याच्या सुटीत खाटेच्या राखणीला मयुरीच बसायची, हातात काठी घेऊन, आणि दर वर्षी खाटेचा एक कोपरा उघडा पडायचा. कावळे फार झालेत, असं ती सांगायची. कुंदाबाई त्या कोपऱ्यावर दर वर्षी थोडे जास्त थापायच्या.

"ओले जास्त चांगले लागतात," मयुरी हळूच म्हणाली. "पण टिकत नाहीत ना."

"नाही टिकत," कुंदाबाई म्हणाल्या. "म्हनूनच ऊन लागतं."

शेजारच्या खाटेवरचे दांडगे गृहस्थ आपण होऊन उलटले.

मग सुंदरबाईंनी छत्री जमिनीवर आपटली. "मना परकर!"

दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"रातले धुयेल परकर कडक वायना त्या खोलीमा! व्हट फुटनात, टाचा फुटन्यात, परकर वायना. मंग बिबडा का नही वावार?"

पुढच्या काही मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या दोन खाटा रिकाम्या झाल्या. आगुसने लुगड्याचं एक टोक धरून दारापर्यंत सोबत केली.

खोलीत त्यांनी दोन्ही पलंगांवर बिबडे मांडले. मग टेबलावर, टीव्हीच्या वर, सुटकेसच्या पाठीवर. एसी जेवढा खाली जाईल तेवढा खाली नेला. पांघरुणं बिबड्यांखाली गेली होती, त्यामुळे अंगावर घ्यायला काही नव्हतं. सुंदरबाईंनी भूषणचा, रात्रीच्या जेवणासाठी त्यांच्या कपाटात लावून ठेवलेला काळा कोट घातला. कुंदाबाईंनी न्हाणीघरातला झगा घातला आणि वरून डोक्याला स्कार्फ बांधला. खाली जमिनीवर दोघी भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसल्या. दात वाजत होते, त्यामुळे बोलणं तुटक तुटक व्हायचं, पण ते थांबलं नाही. धुळ्याच्या लोकांना तीळ किती घालावेत ते कळत नाही, आणि यावलच्या लोकांना तिखट झेपत नाही, हे दोन्ही बाजूंनी सविस्तर सिद्ध झालं. सुंदरबाईंनी बिबड्याची सगळी कृती विचारून घेतली. कुंदाबाईंनी सगळी सांगितली. पाण्याचं माप तेवढं थोडं इकडेतिकडे सांगितलं.

खोली आवरणारा मुलगा संध्याकाळी आला. त्याच्याकडे टॉवेलांचे प्राणी करून पलंगावर ठेवायचं काम होतं. आज त्याने हंस केला होता. त्याने दार उघडलं, कोटातली एक बाई, झग्यातली दुसरी, आणि जिकडे नजर जाईल तिकडे गोल चकत्या पाहिल्या. या खेपेला त्याने माफी मागितली नाही. टीव्हीजवळच्या एका मोकळ्या जागेत हंस बेताने ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"आते हाऊ राखन करी," हंसाकडे पाहून सुंदरबाई म्हणाल्या.

भूषण कोट शोधत आला आणि कोट कोणाच्या अंगावर आहे ते पाहून तसाच जेवायला गेला. त्या रात्री जहाजाच्या मोठ्या भोजनगृहात सगळे पुरुष कोटात होते आणि भूषण खिडकीतून बाहेर बघत होता.

जेवणाची वेळ संपत आली तेव्हा कुंदाबाईंनी पलंगाच्या कडेचा एक बिबडा उचलला. बोटाला गार लागलं, पण खोलीतलं सगळंच गार होतं. त्यांनी तो सुंदरबाईंच्या कानाजवळ नेला आणि वाकवला.

कट.

"व्हयनं," सुंदरबाई म्हणाल्या, आणि खाली जाऊन गरम वरणभात मागवला.

बिबडे मयुरीच्या घरी काचेच्या बरणीत गेले. बरणी तिने ओट्यावर समोर ठेवली आणि त्याचा फोटो यावलला पाठवला. कुंदाबाई परत आल्यावर गल्लीने विचारलं, जहाजावर कसं काय होतं. "ऊन चांगलं होतं," त्या म्हणाल्या. एसीचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि आपणहून कधी करणारही नाहीत.

पुढच्या वर्षी चैत्रात मयुरीचा फोन आला. या खेपेला दुप्पट कर, मागचे केव्हाच संपले. कुंदाबाईंनी फोन स्पीकरवर टाकून तो निरोप गल्लीतल्या सगळ्या बायकांना ऐकवला, आभाळाकडे पाहिलं आणि "काढा" म्हणाल्या. दुप्पट खाटा निघाल्या.

मागच्यांना जुलैतच बुरशी आली होती, ते मयुरीने सांगितलं नाही.